उघडता येणारी गाडी

आमची जीप किल्लीने बंद होत नाही. किल्ली फिरवा, काढून खिशात घाला, इंजिन आपलं धडधडत राहतं. बंद करायचं तर डॅशबोर्डखालची काळी मूठ ओढून धरावी लागते. त्या मुठीची तार पंपाचं डिझेल तोडते, इंजिन दोन आचके देतं आणि मग गप्प होतं. पुण्याची एक मैत्रीण पहिल्यांदा तिच्यात बसली तेव्हा तिला वाटलं, गाडी बिघडली. बिघडलेली नाही, बनवलीच अशी आहे.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. आत घेतलेली हवा विसाव्या हिश्श्याहून कमी जागेत दाबायची. दाबली की ती भयंकर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की भडका उडतो. स्पार्क प्लगच नाही, त्यामुळे वीज तोडून जुनं डिझेल इंजिन बंद पाडता येत नाही. त्याचा फायदा आम्हाला २००७ च्या पावसाळ्यात झाला. नाशिकहून घोटीकडे येताना अल्टरनेटर गेला, बॅटरी पार उतरली. अण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी मूठ ओढायची नाही एवढंच पाळलं, आणि उजेड असेपर्यंत आम्ही घरी पोचलो. वायपर बंद होते. मी डावीकडून हात बाहेर काढून फडक्याने काच पुसत होते.

गाडी १९८८ ची. महिंद्रा एमएम ५४०, डिझेल, फोर बाय फोर. म्हणजे माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. पहिली अकरा वर्षं ती एका सरकारी खात्याकडे होती. १९९९ च्या लिलावात अण्णांनी घेतली तेव्हा तिचा डावा पत्रा सडलेला होता आणि छताचं कापड नव्हतंच. आमची भातशेती इगतपुरी तालुक्यात. पावसाचे चार महिने रस्ता आणि ओढा यांतला फरक नावापुरता असतो, तिथे साधी गाडी काय करणार?

आता अण्णा अडुसष्ट वर्षांचे आहेत. पंचवीस वर्षं ही गाडी जिवंत ठेवणाऱ्या चाचांनी यंदा गॅरेज बंद केलं. मुंबईहून एकजण ती विकत घ्यायला तयार आहे. तो तिला चकचकीत रंग देऊन दारात उभी करणार. भाऊ म्हणतो, देऊन टाकू. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाही म्हणायचं तर नुसत्या प्रेमावर भागत नाही, म्हणून मी दोन गोष्टी वाचायला घेतल्या: जीपचा इतिहास आणि अण्णांची वही.

आधी इतिहास. १९४० साली अमेरिकी सैन्याला एक हलकी, चारही चाकं फिरणारी गाडी घाईने हवी होती. पहिला नमुना बँटम या छोट्या कंपनीने दिला. पण युद्धाची भूक तिच्या आवाक्याबाहेरची होती, म्हणून मोठं काम गेलं विलिज आणि फोर्डकडे. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. मला यात संख्येपेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. फोर्डची जीप विलिजच्या आराखड्यावरच बनत होती आणि एकीचा भाग दुसरीला बसत होता. वाळवंटात किंवा चिखलात तीन मेलेल्या जीपमधून एक चालणारी जीप उभी करता येत होती. ती मोडणार हे बनवणाऱ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

आपल्याकडची गोष्ट सुरू होते ती पोलादाच्या व्यापारातून. १९४५ साली के. सी. महिंद्रा, जे. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. इंग्रजी आद्याक्षरं तीच राहिली. आमच्या गाडीच्या नावातले 'एमएम' तेच. त्यातला दुसरा 'एम' मूळचा मोहम्मदांचा होता हे मी चाचांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मग पार्ट त्यांच्याकडेपण मिळत असतील."

विलिजच्या सुट्या भागांच्या पेट्या मुंबईत आणून माझगावला त्यांची जुळणी सुरू झाली ती १९४९ मध्ये. बघा, या गाडीचा भारतातला जन्मच पान्यांनी झाला. आधी जोडायला शिकले, मग हळूहळू एकेक भाग इथेच बनवायला लागले.

त्याच काळात जीपने देशाला पहिला मोठा घोटाळाही दिला. काश्मीरमध्ये लढाई चालू होती आणि सैन्याला गाड्या हव्या होत्या. लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी १९४८ मध्ये तिथल्या एका कंपनीशी जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपचा करार केला. दोन हजार जीप मागवल्या होत्या, आल्या १५५, आणि त्याही सैन्याने नापसंत केल्या. संसदेत वर्षानुवर्षं गदारोळ झाला. १९५५ मध्ये सरकारने प्रकरण मिटवलं आणि दोन वर्षांत मेनन संरक्षणमंत्री झाले. राजकारणाचे विद्यार्थी हे प्रकरण भ्रष्टाचाराच्या धड्यात वाचतात. मला त्यात जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाची गोष्ट दिसते: 'इंजिनाचं काम केलंय' असं विकणाऱ्याने सांगितलं, आणि आपण झाकण उघडून पाहिलं नाही.

या सगळ्या जीप पेट्रोलच्या. गावात डिझेल जीप आली ती तेलाच्या झटक्याने. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलपुरवठा आवळला आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव साधारण चौपट झाला. आपल्याकडे पेट्रोल म्हणजे मोटारवाल्यांची चैन आणि डिझेल म्हणजे ट्रक, एसटी, शेतीचा पंप, असा सरकारी हिशेब होता. त्यामुळे डिझेल कितीतरी स्वस्त ठेवलं गेलं. पेट्रोल पिणारी जीप सरकारी पैशावरच परवडायची.

मग महिंद्राने एक अगदी आपल्याकडचा जुगाड केला. १९६३ पासून इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर त्यांचा ट्रॅक्टरचा धंदा होताच. त्या ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन सत्तरच्या दशकात जीपमध्ये आलं. जड, आवाजी आणि मंद. पण गावोगावच्या ट्रॅक्टर मिस्त्र्यांना ते आतून-बाहेरून पाठ होतं. जीपला वेगळा डॉक्टर लागत नव्हता.

पुढचं इंजिन फ्रान्सहून आलं. १९७९ मध्ये प्यूजो कंपनीशी करार झाला आणि एक्सडीपी ४.९० हे इंजिन भारतात बनवायचं ठरलं. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, म्हणून ४.९०. एवढं सरळ नाव आता कुणी ठेवत नाही. २११२ सीसी, साठेक अश्वशक्ती. युद्धातल्या पेट्रोल जीपची ताकदही साठच होती. याच घराण्यातलं इंजिन प्यूजो ५०४ मध्ये होतं, जी गाडी आफ्रिकेत टॅक्सी म्हणून अक्षरशः झिजेपर्यंत चालली. हे फ्रेंच इंजिन बनवायचा कारखाना उभा राहिला आमच्या इगतपुरीत, मुंबई-आग्रा रस्त्यावर. आमच्याकडे नुसतं 'कंपनी' म्हटलं की तोच. त्याच्या भिंतीशेजारून आम्ही किती वेळा गेलो असू! आपण ज्याच्यावर बसलोय ते इथे जन्मलं, हे मला तिशीत कळलं.

(ऐंशीच्या दशकात पुण्याच्या बजाज टेम्पोने ट्रॅक्समध्ये मर्सिडीजचं जुनं डिझेल इंजिन घातलं. म्हणजे काळ्या-पिवळ्या जीपमध्ये पंधरा माणसं कोंबून बाजाराला जाणारा महाराष्ट्र एकतर फ्रेंच इंजिनावर नाहीतर जर्मन इंजिनावर चालला होता, आणि दोन्ही इंजिनं दुरुस्त करणाऱ्याला फ्रेंच किंवा जर्मन यायची गरज नव्हती.)

एमएम ५४० आली १९८५ मध्ये.

आता वही. दोनशे पानी, लाल पाठीची, पहिली नोंद १९९९ च्या लिलावाची. अण्णांचं अक्षर सुवाच्य, पण भाषा गॅरेजची. 'पुढचा डावा मेन पाटा तुटला. नवा टाकला.' 'मागचा क्रॉस वाजत होता, बदलला.' 'सेल्फचा बुश.' 'हीटर चारपैकी दोन गेलेले.' हीटर म्हणजे थंडीत सकाळी इंजिन सुरू व्हावं म्हणून सिलिंडरच्या तोंडची हवा तापवणारे छोटे प्लग. किल्ली अर्धी फिरवून पंधरा-वीस सेकंद थांबायचं, मग सेल्फ मारायचा. आई तेवढ्यात देवाचं नाव घ्यायची. कुठल्या देवाने जास्त वेळा गाडी सुरू केली याची नोंद मात्र वहीत नाही.

वही नीट वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. गाडी 'बंद पडली' असं अण्णा जवळजवळ कुठेच लिहीत नाहीत. ते भागाचं नाव लिहितात. डिझेलच्या नळीत हवा शिरली की फवारा थांबतो, आणि आम्ही म्हणतो गाडीने एअर घेतली. फिल्टरवरचा बोल्ट सैल करायचा, हातपंप दाबत राहायचं, आधी फेस येतो, मग नितळ डिझेल, की बोल्ट आवळायचा. नोझल थेंब गाळायला लागलं की काळा धूर. ऑइल वर चढलं की निळा. पाणी आत गेलं की पांढरा. चाचा आवाज ऐकून भाग सांगायचे, पण सांगितल्यावर उघडून दाखवायचेही. "बघ पोरी, हे असं झिजतं." माझी अर्धी उन्हाळी सुट्टी तिथे गेली. नोझल तपासायला आम्ही नाशिकला जायचो, सातपूरच्या बाजूला, मायको सर्कलच्या पुढे. त्या चौकाला नाव दिलेल्या कारखान्यात डिझेलची नोझलंच बनत. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, लोकांच्या तोंडी चौक मायकोच राहिला.

२००५ च्या जुलैमधलं पान डागाळलेलं आहे. त्या आठवड्यात आमच्या भागात काय पाऊस झाला होता हे कसारा घाटाच्या बाजूच्या कुणालाही विचारा. शेजारच्या वस्तीवरची एक बाई अडली होती, आणि तिला दवाखान्यात न्यायला रस्त्यात ओढा आडवा. इथे फोर बाय फोर म्हणजे नक्की काय ते सांगायला हवं, कारण हल्ली ते अक्षर गाडीच्या पाठीवर चिकटवायचं असतं अशी समजूत आहे. आमच्या जीपमध्ये एरवी मागची दोनच चाकं जोर लावतात. गिअरच्या शेजारी दुसरा छोटा दांडा आहे. तो पुढे-मागे केला की ट्रान्सफर केस पुढच्या आसालाही जोर देते. आणखी एका जागी नेला की 'लो' लागतो, म्हणजे चाकं मुंगीच्या वेगाने पण प्रचंड जोराने फिरतात. त्याआधी खाली उतरून पुढच्या चाकांचे हब हाताने फिरवून अडकवायचे. कोरड्या डांबरावर असं चालवायचं नाही. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि सगळा ताण गिअरांवर येतो. चिखलात चाक थोडं घसरतं, म्हणून तो ताण सुटतो. आमच्या जीपला चिखल खरोखरच मानवतो.

ओढा जाताना पार झाला. बाई वेळेत पोचली. येताना अण्णांनी घाई केली. पाणी वाढलं होतं, त्यांनी थांबायला हवं होतं, हे ते स्वतःच सांगतात. मधोमध एअर क्लीनरमधून पाणी ओढलं गेलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला, अडला, आणि कनेक्टिंग रॉड वाकला. जीप तीन दिवस ओढ्यात होती. बाहेर काढली तेव्हा गिअरचं आणि आसांचं ऑइल दुधासारखं पांढरं झालेलं.

त्या वेळी घरात पैसे नव्हते. भात वाहून गेला होता. आईने बांगडी दिली, तिचाही आकडा वहीत आहे, तो मी इथे लिहीत नाही. चाचांनी इंजिन आमच्या गोठ्यातच साखळीवर उचललं. एक रॉड जुन्या बाजारातून, एक लायनर-पिस्टनचा सेट नवा, हेड नाशिकला लेथवर फेस करून आणलं. एकोणीस दिवस लागले. मी बारा वर्षांची होते आणि माझं काम होतं नट-बोल्ट चहाच्या कपांत वेगळे ठेवणं. विसाव्या दिवशी इंजिन लागलं तेव्हा चाचांनी आईला मूठ ओढायला सांगितली. ते म्हणाले, "वहिनी, सुरू कुणीपण करतं. बंद झाली पाहिजे." आईने ओढली. झाली.

आजच्या गाडीत हे असं गोठ्यात झालं नसतं, हे माझं रडगाणं नाही. नव्या कॉमन रेल इंजिनात संगणक सिलिंडरमध्ये थेंबाथेंबाचा हिशेब ठेवतो, आणि म्हणून ते आमच्या इंजिनापेक्षा खूप कमी धूर ओकतं. आमच्या जीपचं इंजिन भारतात डिझेल गाड्यांसाठी धुराचे पहिले नियम आले त्या १९९२ च्याही आधीचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कॅन्सर करतो असं स्पष्ट जाहीर केलं. चाचा पन्नास वर्षं त्याच धुरात उभे होते. त्यांचा खोकला मी ओळखते, जसे ते इंजिनाचे आवाज ओळखतात. त्यामुळे जुन्या गाड्या रस्त्यावरून काढा म्हणणाऱ्यांना मी मूर्ख म्हणू शकत नाही. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची बंदी, २०२१ चं भंगार धोरण, सगळं मी कळीच्या मुद्द्यांसकट वाचलंय. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द होते. आमची जीप त्या खात्याकडे राहिली असती तर तिचा निकाल तेव्हाच लागला असता.

खाजगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग. मोटारीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झाली, पर्यावरण कर वेगळा. २०२३ चं पासिंग झालं. पुढचं २०२८ ला. डिझेलचा स्वस्तपणाही गेला. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याच्या दरावरचं सरकारी नियंत्रण उठलं, आणि ज्या हिशेबाने ही गाडी गावात आली तो हिशेब संपला.

भाऊ हे सगळं कागदावर मांडतो आणि त्याची बेरीज चुकत नाही. माझा मुद्दा त्याच्या रकान्यांत बसत नाही. ती वर्षाला जेमतेम हजार किलोमीटर चालते, त्यातली बहुतेक पावसात, आणि बहुतेक वेळा तिच्यात दुसऱ्या कुणाचं तरी काम असतं. मुंबईचा माणूस तिला रंग देईल, हब चकाकतील, आणि तिला चिखल दिसणार नाही. त्यापेक्षा भंगारात गेलेली बरी, असं मी एकदा रागाने म्हणाले. अण्णा काही बोलले नाहीत. उठून तिच्यावर ताडपत्री घालून आले.

चाचांनी गॅरेज सोडलं त्या दिवशी आम्ही गेलो होतो. मुलगा शहरात एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये आहे. गाडीला लॅपटॉप लावतो, आणि त्याला पगार चांगला आहे याचा चाचांना अभिमान वाटतो. वाटायलाच हवा. जागा आता कपड्यांच्या दुकानाला जाणार. चाचांचे हात थरथरतात, टॅपेटची फट मोजायची पट्टी धरता येत नाही. ती त्यांनी मला दिली. कडा झिजलेली, मधलं एक पान तुटलेलं. म्हणाले, "तुटलेलं माप लागत नाही या इंजिनाला."

जुलैत मी आठवडाभर घरी होते. फिल्टर बदलायचा झाला होता. चाचांना फोन न करता बदलला, हातपंप दाबत बसले. फेस बराच वेळ येत राहिला. मला वाटलं, हे नितळ होतच नाही. मग झालं. बोल्ट आवळला, हीटरला वीस सेकंद दिले, सेल्फ मारला. तिसऱ्या वेळी लागलं.

रात्री वहीत लिहिलं: 'डिझेल फिल्टर बदलला. एअर काढली. स्वतः.'

सकाळी खाली अण्णांच्या अक्षरात एक ओळ होती: 'तांब्याचा वॉशर नवा टाकला का?'

टाकला नव्हता. बोल्टखाली डिझेलचा थेंब जमला होता. मी पाना घेऊन परत गेले.